डॅन्यूबवर सुइट घ्यावा की खालची केबिन?

वरुड-मोर्शीकडचे संत्रा बागायतदारही आता आंबिया बहाराचे पैसे हाती आले की युरोपातल्या नदीसफरीची चौकशी करतात. पहिला प्रश्न सुइटचाच.

मेन अन् डॅन्यूब या नद्या जोडणाऱ्या मेन-डॅन्यूब कालव्यातली लॉक्स, म्हणजे जहाज वर-खाली करणारे हौद, 12 मीटर रुंद. म्हणून जहाज साडेअकरा मीटरच्या आतच. त्यात राजवाडा कुठून मावणार? सुइटमध्ये बहुधा बसायला वेगळी जागा, मोठं बाथरूम, बाल्कनी अन् जास्तीची सरबराई. खालच्या केबिनला उंचावर, बहुतेकदा न उघडणारी खिडकी. पाणी अगदी तिच्याखाली.

जेवण न् वरचा डेक मात्र बहुतेक ठिकाणी सगळ्यांना सारखाच. शिवाय धक्क्यावर जहाजं एकमेकांना खेटून लागतात, तेव्हा महागड्या बाल्कनीतून शेजारच्याचे पडदे पाहत बसा! दिवसभर बाहेर रमणाऱ्यानं खालचीच घ्यावी, असं माझं मत.

आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर नको. बऱ्याच जहाजांत लिफ्ट तळमजल्यापर्यंत जातच नाही. त्यांच्यासाठी मधल्या मजल्यावरची खोली बघा, सुइटच हवा असं नाही.

आपल्याकडच्या ‘गंगा विलास’ या नदीसफरीच्या जहाजावर ही निवडच नाही: 36 प्रवासी, 18 सुइट.