४०३ दाखवून पैसे उकळणारे

वेबसाइटची ‘सिक्युरिटी’ करून देतो म्हणत रक्कम घ्यायची आणि सर्व्हरवर एक फुकटची फाईल टाकून पसार व्हायचं, या प्रकाराला लहान दुकानं आणि क्लासवाले सहज बळी पडतात.

प्रात्यक्षिक ठरलेलं. साइटच्या पत्त्यापुढे अपलोड्स फोल्डरचं नाव टाकतात, पडद्यावर ‘४०३ फॉरबिडन’ (परवानगी नाही) उमटतं. “बघा, बंद केलं!” खरं तर एन्जिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर फोल्डरातली यादी मुळातच दाखवत नाही; हे ४०३ कालही येत होतं. आता तिथेच पडलेल्या ‘बॅकअप डॉट एसक्यूएल’चा पूर्ण पत्ता टाका. अख्खा डेटाबेस, गिऱ्हाइकांच्या मोबाइल नंबरांसकट, मुकाट डाउनलोड होतो.

टाकलेली फाईल असते ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’. ती अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरसाठी; एन्जिनएक्स तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. अपाची २.४ मध्येसुद्धा ‘अलाउ ओव्हरराइड’ (ही फाईल मानायची की नाही हे ठरवणारं सेटिंग) मूळचं ‘नन’ असतं. ते बदललेलं नसेल तर तिथेही ती शोभेचीच.

खरं काम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलीत, होतं. एसक्यूएल, बॅक, लॉग, एन्व्ह या एक्स्टेन्शनांसाठी रेजेक्सचा (नावाचा नमुना जुळवणारा) लोकेशन ब्लॉक, म्हणजे पत्त्यानुसार लागू होणारा नियम, लिहून ४०४ (सापडलं नाही) परत करायचं. त्यात तिल्ड्यापुढे (~) तारा (*) हवा, नाहीतर कॅपिटल अक्षरांतली फाईल निसटते. रेजेक्स ब्लॉकांत वरून जो पहिला जुळेल तोच चालतो, म्हणून हा पीएचपी फाईली चालवणाऱ्या ब्लॉकच्या वर. टिंबाने सुरू होणाऱ्या फाईलीही अडवा, पण ‘डॉट वेल-नोन’ फोल्डर वगळून. ते अडलं की एसएसएल सर्टिफिकेटचं नूतनीकरण अडकू शकतं. लॉगिन केलेल्यांनाच द्यायच्या पीडीएफ वेबरूटच्या (पत्ता टाकून थेट उघडणाऱ्या फोल्डरच्या) बाहेर ठेवा. बाहेरून थेट न उघडणारं ‘इंटर्नल’ लोकेशन आणि लॉगिन तपासल्यावर तिथली फाईल द्यायला सर्व्हरला सांगणारा एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट हेडर त्यासाठीच आहेत. लांबलचक, ओळखता न येणारं फाईलनाव म्हणजे कुलूप नव्हे.

पैसे चुकते करण्याआधी अपलोड्स फोल्डरात दोन फाईली स्वतः टाका: ‘चाचणी डॉट एसक्यूएल’ आणि ‘चाचणी डॉट पीएचपी डॉट बॅक’. दुसरी महत्त्वाची. शेवटी ‘बॅक’ असलं की सहसा पीएचपी ती चालवत नाही, आतला मजकूर जसाच्या तसा बाहेर जातो, आणि कॉन्फिगची प्रत असेल तर पासवर्डही. दोन्ही पत्ते मोबाइल डेटावरून, खाजगी विंडोत उघडा. दोन्हीकडे ४०४ दिसायला हवं.

आधीच उघडी पडलेली फाईल सापडली तर ॲक्सेस लॉगमध्ये (सर्व्हरकडे कोणी काय मागितलं त्याच्या नोंदीत) तिचं नाव शोधा. ओळीत २००, म्हणजे फाईल दिली गेली, असं दिसलं, तर त्याच दिवशी डेटाबेसचा पासवर्ड बदला.