टॉर्क रेंच: क्लिकवाला घ्यायचा की बीमवाला?

पान्यावर उभं राहून चाकाचे नट आवळायची सवय आपल्याकडे सर्रास आहे, मग स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणला जातो आणि पंक्चर झालं की रस्त्यात नट सुटता सुटत नाही. म्हणून टॉर्क रेंच घ्याच, म्हणजे नट किती पिळाने (टॉर्कने) आवळला जातोय ते आकड्यात कळणारा पाना.

बीमवाला एकदम साधा. जाड दांडी वाकते, काटा सरळ राहतो, पट्टीवर आकडा वाचायचा. स्प्रिंगच नाही त्यामुळे बिघडायचं टेन्शन नाही, काटा शून्यावर नसला तर हलकेच वाकवून आणता येतो. पण आकडा बरोब्बर समोरून बघावा लागतो, आणि चाकापाशी उकिडवं बसून जोर लावत पट्टी वाचणं मला तरी नीट जमत नाही.

क्लिकवाल्याची मूठ फिरवून आकडा सेट करायचा, सावकाश ओढायचं, 'टक्' झालं आणि हाताला झटका जाणवला की तिथेच थांबायचं, अजून एक टक् घ्यायचा मोह नको. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, स्प्रिंग दाबलेली राहिली तर रीडिंग चुकायला लागतं. आणि नट सोडवायला हा कधीच वापरू नका.

चाकासाठी मी क्लिकवालाच सांगेन, अर्धा इंची (सॉकेट बसवायचा चौकोन अर्ध्या इंचाचा), ४० ते २०० न्यूटन मीटरवाला (हे टॉर्क मोजायचं एकक), कारण छोट्या गाड्यांचे नट साधारण १०० च्या आसपास असतात, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. स्पार्क प्लगला २०-२५ च्या आसपासच लागतं, तिथे हा मोठा चालणार नाही, त्याला छोटा वेगळा, आणि तो बीमवाला असला तरी मस्त चालतो.