मेकॅनम की टँक: फर्स्ट टेक चॅलेंजच्या रोबोटसाठी कोणता बेस?

फर्स्ट टेक चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेचा नवा गेम सप्टेंबरमध्ये जाहीर झाला की टीममध्ये पहिला वाद चाकांवरून होतो: मेकॅनम (कडेने तिरके रोलर असलेली, बाजूलाही सरकणारी चाकं) की टँक (रणगाड्यासारखा, दोन बाजूंच्या वेगातल्या फरकाने वळणारा बेस)? तो सुरू करण्याआधी पोर्ट मोजा. रोबोटचा मेंदू असलेल्या कंट्रोल हबवर मोटरचे चारच पोर्ट असतात आणि मेकॅनमच्या चार चाकांना चार स्वतंत्र मोटर लागतात. म्हणजे हब तिथेच भरला. लिफ्ट आणि इनटेकसाठी (खेळातल्या वस्तू आत ओढणारा भाग) एक्स्पान्शन हब, म्हणजे जादा पोर्ट देणारा दुसरा हब, घ्यावा लागेल, नाहीतर सगळं सर्व्होवर (वेगळ्या पोर्टवर चालणाऱ्या छोट्या मोटर) भागवावं लागेल. टँक दोन मोटरवरही चालतो: प्रत्येक बाजूला एक मोटर, आणि त्या बाजूची चाकं साखळीने किंवा बेल्टने जोडलेली. एकच हब असलेल्या नव्या टीमने टँकच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दोन हब असतील तर मात्र पारडं मेकॅनमकडे झुकतं. रोबोट १८ इंच रुंद, मैदान १२ बाय १२ फूट, त्यावर चार रोबोट आणि ड्रायव्हरच्या हातात फक्त दोन मिनिटं. स्कोअर करायच्या जागेसमोर चार बोटं बाजूला सरकायचं असेल, तर टँकला मागे जाऊन, वळून परत पुढे यावं लागतं. मेकॅनम थेट बाजूला सरकतो. सामनाभरात हे दहा-बारा वेळा करावं लागलं, तर वाचलेले सेकंद गुणांत दिसतात.

सरळ वेगात फरक जवळजवळ नाही. ३१२ आरपीएमची मोटर आणि ९६ मिमीचं चाक घेतलं तर विनाभार वेग दोन्हीकडे सेकंदाला सुमारे १.५७ मीटर. फरक पडतो तो ढकलाढकलीत. मेकॅनमचे रोलर ४५ अंशांत असतात आणि जमिनीची पकड फक्त रोलरच्या अक्षाच्या दिशेने मिळते. त्यामुळे त्याच रबराच्या साध्या चाकाच्या तुलनेत पुढे ढकलायची ताकद जास्तीत जास्त ७१ टक्के. टँक इथे सरस आहे, पण भिडलेल्या रोबोटला रेटत राहणं त्यालाही महागात पडतं. अडकलेली मोटर ९ अँपिअरच्या आसपास खेचते, बॅटरीचा फ्यूज २० अँपिअरचा. चार मोटर एकदम अडकल्या तर हिशोब तुम्हीच करा.

टँकची खरी डोकेदुखी वळण्याची आहे. चारही चाकं रबरी ठेवली तर वळताना ती आडवी घासतात, रोबोट उड्या मारत वळतो आणि मोटर तापतात. पुढची दोन चाकं ओम्नी (कडेच्या रोलरमुळे आडवी सहज घरंगळणारी) लावा. किंवा सहा चाकं घेऊन मधली जोडी २-३ मिमी खाली बसवा. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरापेक्षा कमी ठेवलं तर वळणं आणखी सोपं होतं.

मेकॅनममध्ये बिघडण्याच्या जागा जास्त. वरून पाहिल्यावर चारही चाकांचे रोलर मिळून फुलीचा आकार दिसला पाहिजे. उलटे बसले तर रोबोट पुढे आणि बाजूला जातो, पण जागेवर धड फिरत नाही, आणि टीम दोन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसते. फ्रेम पिळली तर एक चाक अधांतरी राहतं आणि बाजूला जाताना रोबोट तिरका फिरतो. बॅटरी एका टोकाला टांगली तरी तेच होतं, म्हणून ती शक्यतो मध्यभागी ठेवा.

कोडमध्येही दोन चुका ठरलेल्या. गेमपॅडची काडी (जॉयस्टिक) पुढे ढकलली की किंमत ऋण येते, तिचं चिन्ह उलटावं लागतं. एका बाजूच्या मोटरची दिशाही उलटावी लागते. बाजूच्या हालचालीत रोलर थोडे घसरतात, म्हणून त्या किमतीला १.१ ने गुणून सुरुवात करा आणि मग मोजून बदला. हीच घसरण स्वयंचलित ३० सेकंदांत नडते. मोटरच्या एन्कोडरवरून (फेऱ्या मोजणारा सेन्सर) काढलेलं बाजूचं अंतर मेकॅनममध्ये भरवशाचं नसतं. त्यासाठी एन्कोडर लावलेली वेगळी मोकळी चाकं लागतात, म्हणजे आणखी खर्च आणि आणखी जागा. टँकमध्ये एन्कोडर आणि हबमधला आयएमयू (रोबोट किती वळला ते सांगणारा सेन्सर) एवढ्यावर चांगलं काम होतं.

मेकॅनम घेणार असाल तर सरावासाठी फोमच्या टाइल्सही त्याच ऑर्डरमध्ये मागवा. फरशीवर जुळवलेले आकडे मैदानाच्या फोमवर चालत नाहीत.