व्हीएस कोडचे स्निपेट्स: एकट्याने नाही, अख्ख्या टीमने वापरायची गोष्ट (रिव्ह्यू)

व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये स्निपेट्सची, म्हणजे साठवून ठेवलेल्या कोडच्या तुकड्यांची, सोय आहे हे सगळ्यांना माहिती असतं, दोन-तीन अक्षरं टाइप केली, एंटर दाबलं की फॉर लूप येतो, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. माझं म्हणणं असं आहे की हे टूल खरं टीमसाठी आहे. आपल्या पुण्यातल्या छोट्या-मध्यम टीम्समध्ये कामाच्या टिप्स कुठे सापडतात? व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुणाच्या तरी नोटपॅडमधल्या सेव्ह न केलेल्या टॅबमध्ये, नाहीतर टपरीवर चहा पिताना तोंडी. मग तो माणूस नोटीस पिरियड संपवून हिंजवडीचा खराडीला जातो, लॅपटॉप आयटीकडे जमा होतो, फॉरमॅट होतो, आणि इकडे नवीन आलेला पोरगा तीच क्वेरी पहिल्यापासून शोधत बसतो.

आमची टीम बाणेरला, काम सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलाच्या ॲपचं. प्रोजेक्टच्या रूटला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, डॉट व्हीएसकोड नावाचं फोल्डर असतं, त्यात डॉट कोड-स्निपेट्स एक्स्टेंशनची एक फाइल टाकायची, गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कमिट करायची, बस्स. रेपो, म्हणजे प्रोजेक्टचं गिटमधलं भांडार, क्लोन केला की स्निपेट्स आपोआप मिळतात, वेगळं काही इन्स्टॉल करायचं नाही. आणि फाइल गिटमध्ये आहे म्हटल्यावर तिच्यावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या अशी विनंती, येते, कुणीतरी ती रिव्ह्यू करतं, कुणी का बदललं ते लॉगमध्ये दिसतं. मला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. ग्रुपवर टाकलेला कोड कुणी तपासत नाही हो, थम्स अप येतो आणि लोक तो थेट प्रॉडक्शनवर चालवतात.

आता प्रत्यक्ष एक दाखवतो, म्हणजे कळेल. आमचा सगळ्यात लाडका स्निपेट डेटाबेसमध्ये हाताने अपडेट मारायचा आहे. प्रीफिक्स, म्हणजे स्निपेटचं छोटं नाव, टाइप केलं की चार ओळी येतात: आधी बिगिन (इथून ट्रान्झॅक्शन सुरू), मग सिलेक्ट काउंट (किती नोंदी आहेत ते मोजायचं), मग अपडेट, शेवटी रोलबॅक (सगळं मागे घ्यायचं). गंमत अशी की सिलेक्ट आणि अपडेट दोन्हीच्या व्हेअरमध्ये, म्हणजे अटीच्या भागात, डॉलर दोन हा एकच टॅब स्टॉप (टॅब दाबल्यावर कर्सर थांबतो ती जागा) दिलाय, त्यामुळे कंडिशन एकदाच टाइप करायची आणि ती दोन्हीकडे एकाच वेळी उमटते. म्हणजे नोंदी मोजल्या एका कंडिशनने आणि बदलल्या दुसऱ्याच, असं होतच नाही. शेवटच्या ओळीला चॉइस दिलाय, रोलबॅक किंवा कमिट (इथे अर्थ, डेटाबेसमधला बदल पक्का करणं), आणि पहिला पर्याय मुद्दाम रोलबॅक. घाईत नुसतं टॅब टॅब करत पुढे गेलात तरी डेटाला धक्का लागत नाही, आकडा बघून जाणूनबुजून कमिट निवडावं लागतं. एक लक्षात ठेवा, मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टेबलाची रचना बदलणारं ऑल्टर टेबल वगैरे चालवलं की ते आपणहून कमिट होतं, तिथे रोलबॅक वाचवणार नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये बहुतेक असे बदल ट्रान्झॅक्शनमध्ये मागे घेता येतात. हे आम्ही स्निपेटच्या डिस्क्रिप्शनमध्येच लिहून ठेवलंय, म्हणजे सजेशनच्या लिस्टमध्ये बाजूला दिसतं.

दुसरा तारखेचा. भारतात जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला हा कधी ना कधी भेटतो. १ एप्रिल २०२५ ची लोकल मध्यरात्रीची डेट घ्या आणि तिच्यावर टू आयएसओ स्ट्रिंग चालवा, उत्तर येतं ३१ मार्च, साडेअठराची वेळ, कारण ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, देतं आणि आपण साडेपाच तास पुढे. आता बिलिंगच्या ॲपमध्ये १ एप्रिलचं ३१ मार्च होणं म्हणजे पावती थेट मागच्या आर्थिक वर्षात! कोथरूडच्या एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी काका ऑडिटच्या वेळी हे बरोबर पकडतात आणि त्यांचं बरोबरच असतं. आमच्या स्निपेटमध्ये टू लोकेल डेट स्ट्रिंग आहे, लोकेल (कुठल्या भाषेची-देशाची पद्धत वापरायची ते) स्वीडनचं आणि टाइमझोन एशिया कोलकाता. स्वीडन कशाला असं नवीन माणूस हमखास विचारतो, तर तिकडे तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहितात, त्यामुळे डेटाबेसला हवा तो फॉरमॅट कसलीही लायब्ररी न लावता मिळतो. असली गोष्ट कुणी आपणहून लक्षात ठेवणार नाही, म्हणून ती स्निपेटमध्येच हवी.

मराठी पावत्यांसाठी पण दोन ठेवलेत. आकड्यांना मराठीचं लोकेल दिलं की १,२३,४५६ असं लाखाच्या स्वल्पविरामासकट देवनागरीत येतं, आणि इंग्रजी आकडे हवे असतील तर नंबरिंग सिस्टिम लॅटिन सांगायची. दुसरा नावांसाठी, शिंदे या आडनावाची लेंग्थ विचारली तर जावास्क्रिप्ट ५ सांगतं, डोळ्याला अक्षरं दिसतात दोन. प्रोफाइलच्या गोलात पहिलं अक्षर दाखवायला गेलं की नुसता श येतो, वेलांटी पण नाही अनुस्वार पण नाही. इंटल सेगमेंटर, म्हणजे मजकुराची नीट अक्षरं पाडणारी जावास्क्रिप्टमधली सोय, वापरला की नीट शिं मिळतं. फायरफॉक्समध्ये तो २०२४ मध्ये आला, क्रोममध्ये त्याच्या बराच आधीपासून आहे, तरी जुन्या ब्राउझरवर जोडाक्षरं एकदा टेस्ट करा, क्ष चे दोन तुकडे पडू शकतात. आपल्या लोकांची नावं आपल्या ॲपमध्ये तुटकी दिसावीत हे मला खरंच सहन होत नाही.

आता काय आवडत नाही ते. स्निपेटची फाइल जेसॉन या डेटा लिहायच्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे बॉडीतली प्रत्येक ओळ वेगळ्या अवतरणचिन्हात, आतल्या अवतरणांना बॅकस्लॅश, आणि डॉलरचा तर खरा ताप आहे. जावास्क्रिप्टच्या टेम्प्लेट स्ट्रिंगमध्ये डॉलर आणि महिरपी कंस असतात, ते तसेच पेस्ट केले तर एडिटरला वाटतं हे आपलंच व्हेरिएबल, नाव ओळखीचं नसलं की डॉलर-कंस गाळून नुसतं नाव टाकतो. त्यासाठी डॉलरच्या आधी दोन बॅकस्लॅश द्यायचे, एक जेसॉनसाठी आणि एक स्निपेटसाठी. ही डॉलरची पद्धत टेक्स्टमेट या मॅकवरच्या जुन्या एडिटरकडून आलीय, तो २००४ चा, त्यामुळे आता बदलेल अशी आशा नाही. निदान फाइलमध्ये कमेंट लिहिता येतात, साध्या जेसॉनमध्ये तेवढं पण चालत नाही.

मार्कडाउनमध्ये (साध्या खुणा वापरून मजकूर लिहायची पद्धत) टाइप करताना सजेशन्स आपोआप येत नाहीत, कंट्रोल स्पेस दाबावं लागतं, डिफॉल्टच तसं आहे. आणि स्निपेट सजेशन्स नावाची सेटिंग टॉपवर करून घ्या, नाहीतर आपला स्निपेट शंभर नावांच्या खाली दडून बसतो आणि लोक म्हणतात चालत नाही.

बाकी पर्याय? गिटहब गिस्ट, म्हणजे कोडचे तुकडे ऑनलाइन ठेवायची जागा, चांगलंच आहे, प्रत्येक गिस्ट आतून गिट रेपोच असतो, पण ते ब्राउझरमध्ये आणि आपण एडिटरमध्ये, मग कोण उघडतंय. शिवाय सीक्रेट गिस्ट म्हणजे प्रायव्हेट नव्हे, लिंक ज्याच्या हातात पडली तो बघू शकतो, तेव्हा क्लायंटचं काही तिथे टाकू नका. पासवर्ड आणि टोकन तर स्निपेट फाइलमध्येही नको, ती गिटमध्ये जाते.

एआय असताना हे कशाला, हा प्रश्न आमच्याकडेही निघाला. एआय मीही रोज वापरतो आणि मला आवडतं, पण आज विचारलं तर एक उत्तर, उद्या दुसरं. ट्रान्झॅक्शनच्या शेवटी रोलबॅक हवाच, ही टीमची ठरलेली गोष्ट आहे, ती दर वेळी शब्दाला शब्द तशीच यायला पाहिजे, नेट बंद असलं तरी.

पैसे काहीच नाहीत, एडिटर फुकट आणि ही सोय त्यातच आहे. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा गुण त्या दोन बॅकस्लॅशसाठी कापला. तुमच्या टीममध्ये निम्मे लोक इंटेलिजे या दुसऱ्या एडिटरवर असतील तर मात्र ही फाइल त्यांच्या कामाची नाही, तिथे लाइव्ह टेम्प्लेट्स (तिकडचे स्निपेट्स) वेगळे बनवावे लागतात, दोन्हीकडचं सांभाळायला एक माणूस नेमा. निओव्हिम हा एडिटर वापरणाऱ्यांचं बरं आहे, त्यांच्या लुआस्निप प्लगइनला व्हीएस कोडच्या पद्धतीचे स्निपेट्स वाचता येतात. आणि स्टॅक ओव्हरफ्लोवरून काही उचललं तर मूळ उत्तराची लिंक कमेंटमध्ये टाका, तिथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे, लिहिणाऱ्याचं श्रेय देणं ही लायसन्सची अटच आहे.