वर्षागणिक वेगळी पीएसटी: काही महिन्यांच्या वापरानंतर

सगळं मेल एकाच आर्काइव्ह फाइलमध्ये कोंबण्यापेक्षा दर वर्षाची वेगळी पीएसटी (आउटलुक या मेल प्रोग्रॅमची मेल साठवायची फाइल) ठेवणं नक्कीच बरं. फक्त आउटलुककडून यात फार मदतीची अपेक्षा ठेवू नका.

आउटलुक २०१० पासून पीएसटीची मर्यादा ५० जीबी आहे, पण नवं मेल घेणं ती ४७.५ जीबीलाच थांबवते. उरलेली जागा फाइलच्या अंतर्गत कामांसाठी. आउटलुक २००३ आणि २००७ मध्ये हाच आकडा २० जीबी होता, त्याआधीच्या आवृत्त्यांत २. ती जुनी २ जीबीवाली फाइल नंतरच्या आवृत्तीत उघडली तरी मर्यादा २ च राहते. नवी फाइल करून मेल तिच्यात हलवावंच लागतं.

विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) ‘मॅक्सलार्जफाइलसाइज’ बदलून ही मर्यादा वाढवता येते. करू नका. फाइल बिघडली की ‘स्कॅनपीएसटी’ या दुरुस्तीच्या टूलला तेवढा जास्त वेळ लागतो, आणि एका फेरीत सगळ्या चुका निघतीलच असं नाही.

मेल डिलीट करूनही फाइल तेवढीच दिसते, कारण आत फक्त पोकळी होते. आधी डिलीटेड आयटम्स रिकामं करा. मग फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स, सेटिंग्ज, कॉम्पॅक्ट नाऊ. मोठ्या फाइलला हे तासन्‌तास चालतं, तेव्हा लॅपटॉप स्लीपमध्ये जाऊ देऊ नका.

खरी मेख ऑटोआर्काइव्हमध्ये, म्हणजे जुनं मेल आपोआप आर्काइव्ह फाइलमध्ये हलवण्याच्या सोयीत आहे. ते नुसती मेल आल्याची तारीख बघत नाही, ती आणि शेवटच्या बदलाची यांतली नंतरची धरतं. म्हणून एका पीएसटीतून दुसरीत इम्पोर्ट केलेलं दहा वर्षांपूर्वीचं मेलही त्याच्या लेखी कालचं ठरतं आणि जागचं हलत नाही. ‘आर्काइव्हइग्नोरलास्टमॉडिफाइडटाइम’ ही रजिस्ट्रीतली नोंद १ केली की गाडी रुळावर येते. ऑफिसच्या मशीनवर रजिस्ट्रीला हात लावता येत नसेल, तर फोल्डर तारखेनुसार लावून हजार-दोन हजार मेलच्या गठ्ठ्यांनी हातानेच हलवा. एकदम सगळं उचललं की आउटलुक गारठतं.

फाइल लोकल डिस्कवरच हवी. नेटवर्क शेअरवरची पीएसटी चालते असं वाटतं, पण लाइन तुटली की बिघडते. बॅकअप आउटलुक बंद करून घ्या. एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपुढची फाइल जातच नाही.

तक्रार एकच: शोध फक्त उघड्या पीएसटींमध्येच चालतो, त्यामुळे २०१७ चं बिल हवं असलं की ती फाइल आधी जोडा, इंडेक्स (शोधासाठीची सूची) होईपर्यंत थांबा, मग शोधा.