लायनफिशच्या टाकीवर आठ महिने: स्किमर चांगला, वॉरंटी हास्यास्पद

आठ महिने चाललेला प्रोटीन स्किमर (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील घाण फेसाबरोबर बाहेर काढणारे यंत्र) मागील आठवड्यात मध्यरात्री बंद पडला (संपमधला, म्हणजे टाकीला जोडलेल्या गाळण-टाकीतला, पंपच संपावर गेला, असे घरच्यांचे म्हणणे) आणि सकाळी माझा लायनफिश हा समुद्री मासा पृष्ठभागाजवळ कल्ल्यांची भराभर उघडझाप करीत तरंगताना दिसला. पाण्यात हवा मिसळण्याचे कामही हेच यंत्र करीत होते, हे तेव्हा जाणवले.

टाकी 500 लिटरची आणि स्किमरच्या खोक्यावर छापलेली क्षमता 1000 लिटरची, म्हणून मी निश्चिंत होतो. परंतु असा आकडा मोजके लहान मासे गृहीत धरून छापलेला असतो. अख्खे मासे गिळणारा आणि पूर्ण वाढीनंतर 35 सेंटिमीटरच्या आसपास जाणारा शिकारी त्या हिशेबात बसत नाही. दुसऱ्या महिन्यात नायट्रेट (माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात साचणारा घटक) 80 पीपीएमवर (दहा लाख भागांत 80 भाग) गेले तेव्हा मी यंत्राला बोल लावला होता. तो आता मागे घेतो, कारण रोज खाऊ घालण्याची हौस माझीच होती. आठवड्यातून तीनदाच, तेही गोठवलेले समुद्री मासे वितळवून चिमट्याने देऊ लागल्यावर आकडा 30 च्या जवळ स्थिरावला. जिवंत गोल्डफिश स्वस्त पडले असते, पण त्यांतील थायामिनेज हे विकर जीवनसत्त्व ब1 नष्ट करते, तेव्हा ती काटकसर माशाच्या जिवावर बेतली असती.

तेलकट मासा दिल्यावर स्किमरमधला फेस तीन-चार तास खाली बसून राहतो. तो बिघाड नव्हे. एरवी घाण गोळा करणाऱ्या वरच्या कपात कोऱ्या चहासारखा काळपट, उग्र वासाचा द्रव भरतो. त्याचा वास घेतल्यावर यंत्राच्या कामाविषयी शंका उरत नाही.

आता मूळ तक्रार. पंप उघडला तेव्हा इंपेलरच्या (पंपातील फिरत्या पात्यांच्या) दांड्यावर पांढरा, खरखरीत थर घट्ट बसलेला होता. विक्रेत्याने उत्तर पाठवले की, क्षार साचल्याने झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही. खाऱ्या पाण्यासाठीच विकलेल्या यंत्राला क्षाराची सूट कशी, असे मी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा तेच वाक्य परत आले. अखेरीस सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले आणि पंप पूर्वीपेक्षा कमी आवाजात सुरू झाला. पुस्तिकेत या सफाईचा उल्लेख एका ओळीनेही नाही. वॉरंटीच्या अटी मात्र दोन पाने भरून आहेत.