येझदीचं इंजिन कोल्हापूरच्या उद्यमनगरात बांधून घेतलं, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

ज्यांच्या दारात जुनी जावा किंवा येझदी मोटरसायकल उभी आहे आणि इंजिनाचं काम निघालंय, त्यांच्यासाठी लिहितोय. सरळ सांगतो, कोल्हापूरला जा. शिवाजी उद्यमनगर. रिस्टोरेशनचं पॅकेज विकणाऱ्या चकाचक शोरूममध्ये ॲडव्हान्स भरायच्या आधी एकदा या गल्ल्यांमधून सिलिंडर हातात घेऊन फिरा. कुठल्याही एका दुकानाचं नाव देत नाहीये, कारण काम एका दुकानात झालंच नाही. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) एकाकडे, क्रँक (पिस्टनच्या हालचालीनं फिरणारा दंड) दुसऱ्याकडे, बुशचं (दंडाभोवती बसणाऱ्या धातूच्या नळीचं) टर्निंग तिसऱ्या लेथवर आणि केसिंगचं वेल्डिंग गल्लीच्या टोकाला, त्यामुळे स्टार द्यायचे तर अख्ख्या उद्यमनगरालाच द्यावे लागतील.

गाडी वडिलांची, येझदी २५०. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची. तो कारखाना १९६१ साली गाड्या काढायला लागला आणि १९९६ ला बंद पडला, म्हणजे कंपनीचा स्पेअर हा विषयच संपला. २०१८ मध्ये जावा परत आली ते चांगलंच झालं, पण नव्या गाडीचं इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारं, आपल्या टू-स्ट्रोकला त्यातलं काही चालत नाही. जे आहे तेच दुरुस्त करून चालवायचं.

तक्रार अशी होती की गाडी पंधरा-वीस किलोमीटर गेली की तापायची आणि पिस्टन धरायचा, म्हणजे सिलिंडरमध्येच घट्ट अडकायचा. आधी एका गॅरेजमध्ये (आमच्याच गावातलं, नाव राहू दे) रीबोअर करून (बोअर थोडा मोठा करून) घेतलं होतं, वर नवा पिस्टन टाकला होता, तरी तेच. कार्ब्युरेटर बघून झाला, टायमिंग बघून झालं, ऑइल जास्त घालून बघितलं, सायलेन्सर जाळून साफ केला, काही फरक नाही.

उद्यमनगरातल्या बोअरिंगवाल्या मिस्त्रींनी काही विचारायच्या आधी सिलिंडर पुसला, त्यात बोअर गेज सोडलं आणि वर, मध्ये, खाली असं आधी एका दिशेनं आणि मग आडव्या दिशेनं मोजलं. मग म्हणाले, "पाव्हणं, ह्यो बोअर सरळच न्हाई. वर एक माप, खाली एक. पिस्टन धरंल न्हाई तर काय करंल?" दोन मिनिटांत निदान झालं, आणि गेज माझ्या हातात देऊन काट्यावरचा फरक मला दाखवला. माप गिऱ्हाइकाला दाखवणारा माणूस मिळाला की निम्मी काळजी तिथेच मिटते.

ओव्हरसाइझ मारायला, म्हणजे बोअर आणखी मोठा करायला, आता जागा उरली नव्हती म्हणून स्लीव (आत बसणारी नवी नळी) घालायची ठरली. इथून पुढचं काम मी शेजारी स्टुलावर बसून बघितलं आणि माझ्या मते सगळ्या खर्चाचे पैसे इथेच वसूल झाले. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत पोर्ट, म्हणजे वायू आत-बाहेर जायच्या खिडक्या असतात, तेव्हा स्लीव घातली की त्या खिडक्या तिच्यातही अगदी त्याच जागी पाहिजेत, कारण पोर्ट कधी उघडतो आणि कधी मिटतो यावरच इंजिनाची सगळी ताकद ठरते, मिलिमीटरभर वर-खाली झालं तरी गाडीचा स्वभाव बदलतो. मिस्त्रींनी आधी सिलिंडर स्लीवच्या बाहेरच्या मापाला मोठा केला, मग आत कागद गुंडाळून बसवला आणि तेलाच्या बोटानं पोर्टच्या कडांवरून फिरवत गेले, कागदावर प्रत्येक खिडकीचा डाग उमटला. तो कागद कापून स्लीवला बाहेरून गुंडाळला की झाला साचा! मग खिडक्या पाडल्या, कानसीनं मापात आणल्या, सिलिंडर तापवून स्लीव आत सोडली, आणि थंड झाल्यावर बोअर मारायला घेतला, ६५ मिलिमीटर, कंपनीचं मूळ माप. शेवटी होनिंग, म्हणजे आतली भिंत बारीक घासणं. आणि पोर्टच्या प्रत्येक कडेची धार हातानं घासून बोथट केली. ही धार राहिली तर रिंग खिडकीत अडकून तुटते, आणि घाईच्या कामात नेमकं हेच राहून जातं, तेव्हा तुम्ही कुठेही काम करा पण सिलिंडर घेताना आत बोट फिरवून बघा.

पिस्टन सोबत नेलाच पाहिजे. मिस्त्री पिस्टन मायक्रोमीटरनं मोजतात आणि त्याच्या मापावर बोअर ठेवतात, डब्यावर छापलेल्या मापावर विश्वास नाही. बरोबरच आहे, बाजारातल्या पिस्टनमध्ये फरक येतो.

क्रँकवाले मिस्त्री वेगळे, दोन गल्ल्या सोडून. बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) वाजत होता. प्रेसवर पिन काढून नवा रॉड, नवी पिन, बेअरिंग बसवलं आणि मग क्रँक सेंटरमध्ये धरून डायल गेज लावलं. एका हातानं क्रँक फिरवायचा, काटा हलला की बरोबर त्या जागी तांब्याच्या हातोडीचा एक ठोका, परत फिरवायचा. ठोका किती जोरात हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. काटा जवळजवळ स्थिर होईपर्यंत त्यांनी चहालासुद्धा हात लावला नाही.

हे सगळं कोल्हापुरातच का जमतं, याचं उत्तर शेतात आहे. शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचं काम काढलं, पाणी आलं, ऊस वाढला, उसाला चरक लागला, पाणी उपसायला पंप आणि पंपाला ऑइल इंजिन. यंत्र बिघडलं तर मुंबईहून माणूस येईपर्यंत पीक वाळणार, मग इथल्याच सुतार-लोहारांच्या पोरांनी ती यंत्रं उघडली, दुरुस्त केली आणि पुढे स्वतः बनवली. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या जुन्या कारागीर-उद्योजकांची नावं इथे अजून आदरानं घेतात, पोवारांच्या नावाचं तर वाय. पी. पोवार नगरच आहे उद्यमनगराला लागून. याच शहरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. आणि पलीकडे सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. आज मोठ्या फाउंड्र्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत आहेत आणि देशभरातल्या गाड्यांचं कास्टिंग तिथून जातं, पण त्यांची मुळं या गल्ल्यांमध्ये आहेत. माझ्या गाडीचा सिलिंडर बिडाचा आणि या लोकांचा हात पिढ्यान्‌पिढ्या बिडावरच बसलाय, त्यामुळे त्यांना जावा काय आणि चरकाचं इंजिन काय, धातू ओळखीचाच आहे. आपल्याकडे वारसा म्हटलं की लोक किल्ले आणि वाडे सांगतात. मी मोटरसायकलवाला आहे, मला हा चालू लेथ तेवढाच मोलाचा वाटतो, आणि याला जपायचं म्हणजे याला काम द्यायचं, दुसरा रस्ता नाही.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत त्या पण सांगतो. वेळ पाळत नाहीत. "उद्या देतो" म्हटलं की दोन दिवस धरा, साखर कारखान्याचं किंवा फाउंड्रीचं काम आलं तर तुमचा सिलिंडर बाजूला सरकतो. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही आणि वॉरंटी तोंडीच, मात्र पार्ट परत घेऊन गेलात तर विनातक्रार बघून देतात, मला एक बुश असाच बदलून मिळाला. गल्ल्यांत टेम्पो लोड होत असतात, चारचाकी आत घालू नका. दुकानंदुकानं तुम्हालाच फिरायचंय, तेवढा वेळ नसेल तर इथे येऊन उपयोग नाही. आणि क्रोम प्लेटिंगचा रिझल्ट मला साधारण वाटला, टाकीचं आणि सायलेन्सरचं काम दुसरीकडे करा.

पैशांचं म्हणाल तर पॅकेजवाल्यांनी नुसत्या इंजिनाचा जो आकडा सांगितला होता त्याच्या निम्म्याहून कमीत सिलिंडर, क्रँक, वेल्डिंग सगळं झालं, पिस्टन आणि बेअरिंग धरून. दर आधी ठरवून घ्या, घासाघीस फार करू नका, हातच्या कामाचा दर आहे तो.

गाडी आता रनिंग-इनमध्ये आहे, म्हणजे नवे पार्ट एकमेकांत बसेपर्यंत जपून चालवायची. सुरुवातीला मिस्त्रींनी ऑइल थोडं जास्त घालायला सांगितलंय आणि पन्नासच्या वर पळवायची नाही, चढाला गिअर आधी उतरवायचा. परवा भर दुपारी कऱ्हाडपर्यंत न थांबता आली, उतरल्या उतरल्या एका किकला परत चालू झाली. जाणार असाल तर सिलिंडर, हेड, क्रँक आणि पिस्टन चारही सोबत न्या, साप्ताहिक सुट्टीचा वार फोनवर विचारून घ्या आणि सकाळी लवकर पोहोचा, दहाच्या आत मिस्त्री निवांत बोलतात.